कूपमंडूक

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल उतरणीला लागला की नागपुरात भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलर चालू करून सगळा कारभार घरातच. अशा दुपारी मला बंगाली चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय हटकून आठवतात. ते गेले तेही याच दिवसांत, 23 एप्रिल 1992 ला.

'सद्गती'चं चित्रीकरण त्यांनी आपल्या शेजारच्या छत्तीसगडात केलं होतं. ओम पुरी, स्मिता पाटील, आपले मोहन आगाशे. खेडं, पाऊस, आणि ते न फुटणारं लाकूड! मग 1983 मध्ये 'घरे बाईरे' चालू असताना हृदयविकाराचा झटका आला. उरलेलं काम मुलगा संदीप यांच्या मदतीनं पुरं झालं. पुढची काही वर्षं वडिलांवरचा, सुकुमार रायांवरचा, एक माहितीपट तेवढा.

1989 मध्ये ते परतले, पण डॉक्टरांची सक्त ताकीद होती: बाहेर चित्रीकरण करायचं नाही. 'पथेर पांचाली'त काशगवताच्या रानातून आगगाडी दाखवणारा हा माणूस, आणि आता चार भिंती! 'गणशत्रू' नाटकी झाला, असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. देवळाच्या तीर्थात रोगजंतू आहेत, हे सांगणाऱ्या डॉक्टरवर गाव उलटतं. शेवटी त्याच्या बाजूनं उठलेल्या घोषणा खोलीत नुसत्या ऐकू येतात. माणसं दिसत नाहीत. नुसत्या आवाजात केवढं बळ असतं, हे आपल्याला, रेडिओ ऐकणाऱ्यांना, कुणी वेगळं सांगायला नको.

शेवटचा 'आगंतुक', 1991 चा. पस्तीस वर्षांनी परतलेला मामा खरा की तोतया, एवढीच गोष्ट. मामा झालेत उत्पल दत्त, पण ते गुणगुणतात तेव्हा गळा खुद्द रायांचा असतो. थकलेल्या छातीतून आलेला तो सूर ऐकताना माझ्या पोटात कालवतं. मार्च 1992 मध्ये ऑस्कर आलं, ते कोलकात्यात रुग्णशय्येवरच स्वीकारलं. त्यानंतर महिनाही गेला नाही.

धंतोलीत आमच्या शेजारच्या बंगाली काकूंनी 'आगंतुक'ची कॅसेट आणली होती. पडद्यावरचं बांगला त्या आम्हा मुलांना भराभर मराठीत सांगत होत्या. मामा घरातल्या लहानग्याला बजावतो, कूपमंडूक कधी होऊ नकोस. काकूंनी आमच्याकडे वळून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हा शब्द आमचाही होता.