लेथवरचा चॅटर : आधी ढिलाई शोधू या

[दृश्य : चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, फिरणारा पोलादी बार. टूल जॉबला लागते.]

टूल, म्हणजे कापणारे हत्यार, फिरणाऱ्या जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, लागते आणि काही क्षण काम सुरळीत चालते. मग कापण्याचा एकसुरी आवाज फाटतो, कर्कश होतो आणि टूलच्या मागे उमटणारी चकाकी जाऊन तिथे बारीक लाटांच्या ओळी दिसू लागतात. हा चॅटर. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १९०६ मध्ये, धातू कापण्यावरील आपले अनेक वर्षांचे प्रयोग मांडताना, यंत्रकामगारापुढच्या प्रश्नांत सर्वांत गूढ असा याचा उल्लेख केला होता. तो आज तितका गूढ राहिलेला नाही, तरी त्यावरचे उपाय मात्र पुष्कळदा अंदाजानेच केले जातात.

[दृश्य : जॉबचा पृष्ठभाग, तिरपा प्रकाश.]

दिवा तिरपा धरला की लाटा अशा स्पष्ट दिसतात. त्या नुसत्या पाहू नयेत, मोजाव्यात. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य दांडा, मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला ५, आणि परिघावर सुमारे ४० खुणा भरल्या, तर कंपन सेकंदाला २०० वेळा होत आहे. आता फेरे २४० वर आणून पुन्हा कट घ्यावा. खुणा वाढून ५०च्या आसपास गेल्या, तर कंपनाची वारंवारता जवळपास २००च राहिली असा त्याचा अर्थ होतो. यंत्र, टूल किंवा जॉब यांपैकी काहीतरी स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत आहे आणि हाच खरा चॅटर होय. खुणा ४०च राहिल्या, तर दोष स्पिंडलच्या फिरण्याशी बांधलेला आहे. तो गिअरच्या दातांत किंवा बेअरिंगमध्ये शोधावा लागतो. तिथे टूल बदलून काही साधत नाही.

खऱ्या चॅटरमध्ये कंपन स्वतःच स्वतःला पोसते. एका फेऱ्यात टूलने मागे सोडलेली लाट पुढच्या फेऱ्यात पुन्हा टूलसमोर येते, त्यामुळे चिपची, म्हणजे सुटणाऱ्या धातूच्या कापाची, जाडी कमी-जास्त होते, जाडीबरोबर कापण्याचे बल बदलते आणि ते बदलते बल टूलला पुन्हा हलवते. नवी लाट जुन्या लाटेशी जुळून पडली तर चिपची जाडी सारखी राहते. ती मागेपुढे पडली, की प्रत्येक फेऱ्याला कंपनात भर पडत जाते. हे गणित १९५०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात त्लुस्टी आणि ब्रिटनमध्ये टोबायस यांच्या कामातून उलगडत गेले. कारखान्याच्या दृष्टीने त्याचे सार असे, की यंत्र, टूल आणि जॉब यांची एकत्रित रचना जितकी ताठ आणि कंपन जिरवणारी, तितका रुंद कट ती सहन करते. तरीही आवाज येताच पहिला हात जातो तो फेरे कमी करण्याकडे आणि दुसरा कट हलका करण्याकडे. त्याने आवाज थांबतोही, पण रचनेचा ताठपणा घालवणारी ढिलाई जागच्या जागी राहते.

[दृश्य : बेडवर चुंबकी स्टँड, बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल इंडिकेटरची सुई.]

यंत्राचा मुख्य स्विच बंद केला आहे. डायलचे टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवले आहे आणि चकमध्ये धरलेल्या लाकडी दांड्याने स्पिंडल वर उचलला जात आहे. सुई थोडी सरकली आणि दाब सोडताच शून्यावर परत आली. हे पोलादाचे लवणे झाले. कोणतेही यंत्र इतके लवतेच. आता डायलचे टोक टूल पकडणाऱ्या टूलपोस्टवर आहे. टूलपोस्ट हाताने पुढे ढकलला आणि सोडला, तेव्हा सुई परत आली नाही. ती जिथे गेली तिथेच थांबली आणि उलट ओढल्यावर मागे सरकली. हा प्ले, म्हणजे ढिलाई, आहे, आणि तो टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या गिबमध्ये, म्हणजे तिची फट भरणाऱ्या पट्टीत, आहे.

[दृश्य : गिबचे स्क्रू, ॲलन की आणि पाना.]

हे काम सावकाश करण्याचे आहे. लॉकनट सैल करून स्क्रू किंचित आत घ्यायचा आणि लगेच हँडल फिरवून पाहायचे. मग पुढचा स्क्रू. स्लाइड दोन्ही दिशांना सारख्याच जडपणाने सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवलेला दिसतो, कारण नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि नुकतीच केलेली जुळणी वाया जाते. जुन्या लेथवर स्लाइडचा नेहमी वापरात असलेला भाग अधिक झिजलेला असतो, त्यामुळे तिथे नीट बसवलेली स्लाइड टोकाला जड होते. अशा वेळी जिथे काम चालते त्या भागाला प्राधान्य द्यावे. कंपाउंड, म्हणजे क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड, वापरात नसेल तर तो लॉक करावा आणि फेसिंग, म्हणजे जॉबचे तोंड सपाट, करताना बेडवर सरकणारे सॅडलही लॉक करावे. यंत्र जुने झाले म्हणून मोडीत काढण्याच्या गोष्टी पुष्कळदा हा अर्ध्या तासाचा उद्योग न करताच बोलल्या जातात.

[दृश्य : भोक आतून कापणारा बोरिंग बार, बाहेर आलेली लांबी मोजताना.]

टूल जितके बाहेर, तितके ते लवते, आणि हे लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच बलाने आठपट लवते. पोलादी बोरिंग बार व्यासाच्या चौपटीपेक्षा बाहेर काढू नये असे मानतात, म्हणजे २५ मिलिमीटरचा बार १०० मिलिमीटरपर्यंत. जाडीचा फायदा त्याहून मोठा आहे. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढत असल्यामुळे २० मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरचा बार घेतला तर तो जवळपास अडीचपट ताठ असतो. भोकात मावेल तो सर्वांत जाड बार घ्यावा. चिप बाहेर पडायला जागा मात्र ठेवावी.

टूलच्या टोकाची गोलाई मोठी असेल आणि कट त्या गोलाईपेक्षाही उथळ असेल, तर टूल जॉबला बाजूला ढकलत राहते. सडपातळ जॉबवर ०.८ ऐवजी ०.४ मिलिमीटरची गोलाई लावून पाहावी. फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूलचे पुढे सरकणे, अगदी बारीक ठेवले तर टूल कापण्याऐवजी घासते, म्हणून चॅटर आला असता फीड थोडे वाढवून पाहणे, नव्या माणसाला उलटे वाटले तरी, रास्त असते.

चॅटर चालू ठेवला तर टूलची कार्बाइडची, म्हणजे कठीण पण ठिसूळ, धार तुटते, बेअरिंगवर ताण येतो आणि माप बिघडते.

[दृश्य : पार्टिंग टूल जॉबमध्ये उतरते.]

पार्टिंग, म्हणजे जॉब कापून वेगळा करणे, आणि फॉर्म टूल, म्हणजे स्वतःचा आकार जॉबवर उमटवणारे टूल, यांत चॅटर सर्वाधिक सतावतो, कारण तिथे टूलची सगळी रुंदी दर फेऱ्याला मागच्याच लाटेवरून जाते. पार्टिंग टूल सेंटरच्या, म्हणजे जॉबच्या अक्षाच्या, उंचीवर, चकच्या शक्य तितके जवळ आणि खोलीला पुरेल इतकेच बाहेर असावे. फीड न थांबता द्यावे. फॉर्म टूलची रुंदी मात्र आकारानेच ठरते. ढिलाई काढून आणि टूल आखूड करूनही ते थरथरत असेल तर फेरे उतरवावेत. कमी वेगात लाटा आखूड होतात, टूलची धारेखालची बाजू त्यांवर घासते आणि कंपन जिरते. इथे तो उपाय योग्यच आहे.