पाण्याच्या वाटेनं बाली

श्रोतेहो, नमस्कार.

बालीला जायचं ठरलं की बहुतेक जण दोन याद्या करतात. एकीत देवळं: बेसाकी, तनाह लोत, उलुवातू. दुसरीत निसर्ग: ज्वालामुखी, भातशेतीच्या पायऱ्या, धबधबे, समुद्रकिनारे. मग सकाळी देऊळ, दुपारी धबधबा, संध्याकाळी किनारा अशी धावपळ सुरू होते. आज माझं तुम्हाला एवढंच आग्रहाचं सांगणं आहे, की या दोन याद्या करूच नका. बालीत देऊळ आणि निसर्ग वेगळे नाहीत, पाण्यानं त्यांना एकत्र बांधलेलं आहे. ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्यापासून निघा, झरे आणि पाट जिकडे जातात तिकडे उतरत जा आणि समुद्रापाशी थांबा. या वाटेवर जी देवळं लागतात, ती त्याच क्रमानं पाहिली की तिथली माणसं कशी जगतात ते कळायला लागतं.

बाली हे इंडोनेशियातलं बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण ८ अंशांवर आहे. बेटाच्या उत्तर भागातून, पश्चिमेकडून पूर्वेकडे डोंगरांची रांग गेली आहे आणि तिच्यात ज्वालामुखी आहेत. सगळ्यांत उंच गुनुंग आगुंग, ३,००० मीटरहून जास्त. तिथली माणसं वाट सांगताना डावी-उजवी सांगत बसत नाहीत. ती म्हणतात 'काजा', म्हणजे डोंगराकडे, किंवा 'कलोद', म्हणजे समुद्राकडे. त्यामुळे दक्षिण बालीत काजा उत्तरेला असतं आणि डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाच्या बाजूला गेलात की तेच काजा दक्षिणेला येतं! गावाची रचनाही याच रेषेवर. डोंगराच्या बाजूला गावाच्या मूळपुरुषांचं देऊळ, पुरा पुसेह. मध्ये गावकीचं, पुरा देसा. समुद्राच्या बाजूला, स्मशानाजवळ, पुरा दालेम. म्हणजे पाण्याबरोबर वरून खाली येणं ही वाट मी शोधलेली नाही. गावं, घरं, देवघरं शतकानुशतकं त्याच वाटेच्या आधारानं उभी आहेत.

सुरुवात करायची किंतामणीपासून. तिथे विवराच्या कडेला उभं राहिलं की खाली एक प्रचंड वाडगं दिसतं, कित्येक किलोमीटर रुंद. त्यात मधोमध बातूर पर्वत, त्याच्या अंगावर लाव्ह्याचे काळे पट्टे आणि शेजारी तळं. या तळ्यातून एकही नदी बाहेर पडताना दिसत नाही. पाणी सच्छिद्र ज्वालामुखी खडकातून खाली झिरपतं आणि उतारावर ठिकठिकाणी झरे होऊन वर येतं. म्हणून शेतकऱ्यांच्या लेखी हे तळं म्हणजे साऱ्या पाण्याचं माहेर, आणि त्याची मालकीण देवी दानू. तिचं देऊळ, पुरा उलुन दानू बातूर, आधी खाली तळ्याच्या काठी होतं. १९२६ साली उद्रेक झाला, लाव्ह्यानं गाव आणि देऊळ दोन्ही गिळलं. गावकऱ्यांनी वर कड्यावर नवं गाव वसवलं आणि देवीलाही बरोबर आणलं. आज आपण पाहतो ते हे वरचं देऊळ.

आत गेल्यावर पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं वाटतं. आपले डोळे गाभारा शोधतात, मूर्ती शोधतात. इथे एकामागून एक उघडी अंगणं असतात, आणि आकाश हेच छप्पर. अंगणात मेरू उभे असतात, म्हणजे एकावर एक छपरांचे उंच मनोरे. छपरांची संख्या नेहमी विषम, जास्तीत जास्त अकरा, आणि ती शाकारलेली माडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी. आसनं बहुतेक रिकामी असतात. देव कायमचे तिथे राहत नाहीत, उत्सवाला उतरतात आणि परत जातात. बहुतेक देवळांचा हा उत्सव, ओदालान, दर २१० दिवसांनी येतो, कारण बालीत एक पंचांग २१० दिवसांचं आहे. उत्सवाच्या दिवशी आलात तर तेच मोकळं अंगण फुलाफळांच्या उंच उतरंडी, गामेलान या वाद्यवृंदाचा नाद, पांढऱ्या वेषातले पुजारी आणि तीर्थ घ्यायला बसलेली माणसं यांनी भरून गेलेलं असतं. जमलं तर प्रवासाची आखणी अशा एखाद्या उत्सवाभोवती करा.

या देवळात शेतकरी येतात ते नुसते हात जोडायला येत नाहीत. नवा पाट काढायचा असेल, दोन गटांत पाण्यावरून तंटा असेल, तर इथल्या मुख्य पुजाऱ्यांचा शब्द मानला जातो. हे नीट समजायला हवं, म्हणून इथे जरा थांबते.

बालीत शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थेला सुबाक म्हणतात. सुबाक आणि गाव वेगळं. एकाच बंधाऱ्याचं, एकाच पाटाचं पाणी ज्यांच्या खाचरात जातं ते सारे एका सुबाकचे, मग ते कुठल्याही गावचे असोत. त्यांचा एक प्रमुख असतो, पकासेह. नियम लिहून ठेवलेले असतात. पाणी वाटायला पाटात लाकडाचा ओंडका आडवा टाकतात, त्याला मोजून खाचा पाडलेल्या असतात, जेवढा वाटा तेवढी खाच. डोंगर आडवा आला तर खडक फोडून बोगद्यातून पाणी पुढे नेलेलं आहे. आणि प्रत्येक टप्प्यावर देऊळ आहे. पाणी शेतात शिरतं तिथे छोटं देव्हारं, बंधाऱ्यावर एक देऊळ, अनेक सुबाकांचं मिळून मोठं देऊळ आणि सगळ्यांच्या वर तळ्याची देवी. लावणी कधी करायची, कोणत्या खाचरांना कधी पाणी सोडायचं, कोणाची जमीन कधी पडीक ठेवायची, हे त्या त्या देवळात जमून ठरवतात. आपल्याकडे पांझरा नदीवरची पाणी वाटून घेण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ऐकताना ओळखीचं वाटेल.

आता ही गोष्ट ऐका. १९७०च्या दशकात हरित क्रांतीची मोहीम बालीत पोचली. जास्त उत्पन्नाचं बियाणं आलं, रासायनिक खतं आली आणि शेतकऱ्यांना सांगण्यात आलं, की देवळाच्या वेळापत्रकाची वाट बघू नका, जमेल तितक्या वेळा भात लावा. थोडे दिवस पीक वाढलं. मग एकीकडे पाणी पुरेना, दुसरीकडे उंदीर आणि तपकिरी तुडतुडे यांनी शेतंच्या शेतं खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं हे प्रत्यक्ष पाहिलं. पुढे जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाबरोबर त्यानं दोन नद्यांच्या खोऱ्यांतल्या १७२ सुबाकांचं संगणकीय प्रारूप तयार केलं. त्यातून जे निघालं ते शेतकऱ्याला पटेल असंच होतं. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणी कमी पडतं. प्रत्येकानं मनाला येईल तेव्हा केली तर किडीला बाराही महिने खाद्य मिळतं. या दोन टोकांमध्ये एक जागा आहे: शेजारच्या खाचरांचा मोठा पट्टा एकदम पडीक पडेल, कीड उपाशी मरेल, आणि तरी वरच्या-खालच्या पट्ट्यांची पाण्याची पाळी वेगवेगळी राहील. देवळांचं वेळापत्रक नेमकं त्या जागेच्या जवळ होतं. ही माहिती मनात ठेवून त्या अंगणात उभं राहिलं की मला तिथल्या पूजेबद्दल फार आदर वाटतो. त्या फुलांच्या मागे केवढा हिशेब आहे!

बातूरच्या उतारावरून पाकेरिसान नदीचं खोरं खाली येतं, आणि तांपाकसिरिंगला तीर्था अम्पुल लागतं. जमिनीतून उसळणारा झरा, त्याभोवती देऊळ, आणि इ. स. ९६२मधला कोरीव लेख त्याची साक्ष देतो. कथा अशी, की मायादानव राजानं पाणी विषारी केलं, तेव्हा इंद्रानं भूमी भेदून हे अमृताचं पाणी काढलं. झऱ्याच्या कुंडात अजूनही वाळू फिरवत पाणी वर येताना स्पष्ट दिसतं. तिथून ते दगडी मुखांच्या रांगेतून स्नानाच्या कुंडात पडतं. लोक आधी नैवेद्य ठेवतात, मग एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकतात. त्यांतल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडायच्या. तुम्हीही पाण्यात उतरू शकता, पण फोटोसाठी रांग अडवू नका. पुढचा माणूस कुठली तरी व्यथा घेऊन आलेला असतो.

या कुंडांतून बाहेर पडलेलं पाणी थेट खालच्या भातखाचरांत जातं. आणि त्याच नदीकाठी, थोडं खाली, गुनुंग कावी. तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरायच्या, दोन्ही बाजूंना खाचरं, आणि तळाशी नदीच्या दोन्ही काठांवरच्या कड्यांत कोरलेली दहा उंच दगडी स्मारकं. ११व्या शतकातली, राजा उदयन आणि त्याचा मुलगा अनाक वुंग्सू यांच्या घराण्याशी जोडलेली. मूर्ती नाहीत, रंग नाही, नुसता काळा दगड, शेवाळ आणि नदीचा आवाज. बालीतलं एकच ठिकाण पाहता येणार असेल तर मी हे सांगेन. सकाळी लवकर जा.

गोआ गजाह जवळच आहे. गुहेच्या तोंडावर राक्षसी चेहरा, आत तीन शिवलिंगं आणि गणपती. समोरची स्नानकुंडं मातीखाली गेली होती, ती १९५४ साली खणून काढली.

मग पश्चिमेला, बातुकारू पर्वताच्या पायथ्याशी जातिलुविह. समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, नजर पोचेल तिथवर भाताच्या पायऱ्या. इथे अजून उंच वाढणारा जुना लाल भात लावतात. २०१२ साली युनेस्कोनं सुबाकचा हा सारा भूप्रदेश जागतिक वारशात घेतला. त्यात बातूरचं देऊळ आहे, पाकेरिसान खोरं आहे, ही खाचरं आहेत आणि मेंगवीच्या राजांचं पुरा तामान आयुनही आहे, ज्याच्या भोवतीचा खंदक पुढे शेतांना पाणी देतो. म्हणजे वारसा म्हणून निवडलं गेलं ते देवळं, पाणी आणि शेती असं सगळं मिळून.

शेवट तनाह लोत. समुद्रातल्या खडकावरचं हे देऊळ १६व्या शतकात जावाहून आलेल्या निरर्थ नावाच्या पुरोहिताशी जोडलेलं आहे. गर्दी सूर्यास्ताला होते. मी म्हणेन, ओहोटीची वेळ बघून जा. कारण खडकाच्या पायथ्याशी, लाटांच्या अगदी जवळ, गोड्या पाण्याचा झरा आहे. पुजारी ते तीर्थ तुमच्या डोक्यावर शिंपडतात.

बेसाकीबद्दल थोडक्यात. आगुंगच्या उतारावरचा हा देवळांचा समूह बालीतला सर्वांत मोठा. १९६३ साली शंभर वर्षांतून एकदा होणाऱ्या एकादश रुद्र विधीची तयारी चालू असतानाच आगुंग फुटला, हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा मात्र देवळांच्या बाजूनं निघून गेला. तो विधी पुढे १९७९ साली पूर्ण केला. ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांनी पश्चिम टोकाच्या राष्ट्रीय उद्यानासाठी दिवस राखावा. शुभ्र पिसांची, डोळ्याभोवती निळी कातडी असलेली बाली मैना मूळची फक्त याच बेटावरची. पिंजऱ्यासाठी इतकी पकडली गेली, की ती आज अत्यंत दुर्मीळ आहे.

आता काही कामाच्या गोष्टी. एप्रिल ते सप्टेंबर कोरडा काळ. देवळात सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसायचा, कमरेला शेला बांधायचा, बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळतात. रस्त्यावर, दुकानाच्या दारात, झाडाखाली पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं ठेवलेली दिसतील, त्यांवर पाय पडू देऊ नका. १४ फेब्रुवारी २०२४पासून परदेशी प्रवाशांना १,५०,००० रुपिया शुल्क भरावं लागतं. आणि तारखा ठरवताना न्येपी, म्हणजे बालीचा वर्षारंभाचा दिवस, पाहून घ्या. बाली शक संवत्सर मानतो, आपण पंचांगात लिहितो तेच. त्याचं नवं वर्ष मौन पाळून सुरू होतं. त्या दिवशी दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. २०२३ साली न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. न्येपीच्या आधी गावोगावची माणसं देवांना मिरवत समुद्रावर नेतात, त्याला मलास्ती म्हणतात. ती मिरवणूक पाहायची असेल तर आठवडाभर आधी पोचा.

राहण्यासाठी भातखाचरांवर उभारलेले नवे बंगले टाळा, ही माझी कळकळीची विनंती. एक खाचर विकलं गेलं की त्यातून पुढे जाणारा पाट तुटतो आणि खालच्या शेतकऱ्याची पाळी जाते. जातिलुविह, सिदेमेन, मुंदुक या बाजूंच्या गावांत शेतकरी आपल्या घरात पाहुणे ठेवतात. तिथे उतरा. तिथला लाल भात मागून खा. आणि यजमानांना विचारा, तुमच्या शेताला पाणी कुठून येतं? बहुधा ते तुम्हाला सुबाकच्या देवळापर्यंत घेऊन जातील.

नमस्कार.