ॲनिमल: माणूस, राक्षस की आणखी कोण?

नमस्कार श्रोतेहो!

आज बोलायचंय एका ड्रम बडवणाऱ्या बाहुल्याबद्दल. विस्कटलेले लालभडक केस, जाडजूड काळ्या भुवया, या कानापासून त्या कानापर्यंत फाटलेलं तोंड. गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला चक्क साखळी. अमेरिकेच्या जिम हेन्सन यांच्या 'द मपेट शो' या टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातला हा ॲनिमल. 1976 ते 1981 या काळात या कार्यक्रमाचे 120 भाग झाले, तेही इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत. तो बंद होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण चाहत्यांमधलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. हा ॲनिमल आहे तरी कोण?

बाकीच्यांचं सोपं आहे. कर्मिट बेडूक, पिगी डुकरीण, फॉझी अस्वल. बघितलं की कळतं. ॲनिमलपाशी येऊन गाडी अडते. नावावर जाऊ नका, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय.

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर दोन तट आहेत. एकजण म्हणतो, "राक्षस हाय भावा त्यो. ड्रम खातोय, दिसत न्हाई व्हय?" मुद्दा खोटा नाही. 1979 च्या मपेट सिनेमात हा खरंच ड्रमला तोंड लावतो आणि त्याला दटावावं लागतं की बाबा, हे खायचं नाही, बडवायचं. दुसरा म्हणतो, माणूसच आहे, फक्त आंघोळ केलेली नाही. त्याच्या बँडमधले फ्लॉइड, जॅनिस, डॉक्टर टीथ हे सगळे रंगीबेरंगी असले तरी माणसंच. मग एकटा ड्रमवालाच वेगळा कसा?

हा वाद आपल्याकडच्या बाहुल्यांबाबत होत नाही, याची मला गंमत वाटते. घाट उतरून कुडाळला गेलात की जवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, जपली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथं लाकडी बाहुली समोर आली की राम कोण, राक्षस कोण हे शेंबड्या पोरालाही कळतं. 1993 च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू घ्या. रामदास पाध्यांच्या हातचा बाहुला, पण आत जीव कुणाचा, तर मेलेल्या गुंडाचा, तोही मंत्राच्या जोरावर गेलेला. हिशेब चोख. हेन्सन यांच्या मंडळींनी फर आणि फोम घेतला, तोंडात हात घालून ते उघडमिट केलं, आणि बाहुल्याच्या चेहऱ्यावर कुळ-मूळ काही लिहिलंच नाही.

मग निवाडा करायचा कसा? मी म्हणतो, चेहरा सोडा, वाजवणं बघा.

1976 मधला एक प्रसंग आहे. गायिका-अभिनेत्री रीटा मोरेनो 'फीव्हर' हे गाणं म्हणतायत. संथ, दबक्या आवाजातलं गाणं. साथीला ॲनिमल. बाई एक ओळ म्हणतात, श्वास घ्यायला थांबतात, आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत हा धडाडधूम करतो. बाई डोळे वटारतात. हा गप्प. पुढची ओळ, पुढची जागा, पुन्हा तेच. बाई स्पॅनिशमध्ये त्याला झापतात. शेवटी त्या उठतात, दोन झांजा उचलतात आणि मध्ये याचं डोकं घेऊन खणकन वाजवतात. हा भोवळलेला, पण खूश! या भागासाठी मोरेनो यांना 1977 चं एमी हे अमेरिकी टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

हे मी मोबाइलवर आमच्या तालमीत हलगी वाजवणाऱ्या मामांना दाखवलं. हलगी जाळावर शेकत शेकतच त्यांनी बघितलं, इंग्रजी एक अक्षर न कळता. म्हणाले, "ह्यो चुकत न्हाई. मुद्दाम करतोय. गाणं सुरू हाय तवर हात आवरतोय की!"

माझ्या लेखी निकाल इथंच लागला. जनावराला खोडी काढता येईल, पण समेला धक्का न लावता खोडी काढायला ताल पोटात असावा लागतो. आणि तो असणारच, कारण ॲनिमलचे ड्रम प्रत्यक्षात वाजवत होते रॉनी व्हेरेल, इंग्लंडचे कसलेले जॅझवादक. बाहुला नाचवायचे फ्रँक ऑझ. पिगीही त्यांचीच, आणि 'स्टार वॉर्स'मधला योडाही. म्हणजे डोकं एकाचं, टिपऱ्या दुसऱ्याच्या. 1981 मध्ये नामांकित अमेरिकी ड्रमवादक बडी रिच यांच्याशी ॲनिमलची ड्रमची झुंज लागली, तेव्हाही हीच जोडी होती. झुंज हरला आणि गड्यानं ड्रमच रिच यांच्या डोक्यात घातला! हरल्यावर असा राग मी खासबागेच्या कुस्ती मैदानात पुष्कळ माणसांच्या तोंडावर बघितलाय.

राक्षसवाले यावर गोंझोचा दाखला देतात. लांब वाकड्या नाकाचा निळा गोंझो कोण, हेही वर्षानुवर्षं गुलदस्त्यात होतं. 1981 च्या मपेट सिनेमात तो ज्या खोक्यात बसून प्रवास करतो, त्यावर जनावराच्या नावाऐवजी 'काहीतरी' अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. 1999 मध्ये सिनेमा काढून सांगितलं की हा परग्रहावरचा. पुष्कळ चाहते हिरमुसले, आणि मला विचाराल तर ते बरोबर होतं. कोडं होतं तोवर गोंझो सगळ्यांचा होता. उत्तर मिळालं आणि तो कुठल्याशा ग्रहाचा झाला. ॲनिमलच्या वाटेला असा सिनेमा आला नाही, हे त्याचं नशीब.

राहिली साखळी. माणूस असेल तर साखळी कशाला, हा राक्षसवाल्यांचा हुकमी एक्का. पण ती साखळी धरतो कोण? फ्लॉइड. आणि फ्लॉइड वाजवतो बास गिटार. ड्रमवाला सुटला की बँडमध्ये त्याला आवरायचं काम बासवाल्याकडंच येतं, हे कुठल्याही वाद्यवृंदात विचारा. आमच्या हलगीमामांना विचारलं, तर त्यांनी शेजारच्या, हलगीला घुमक्याची साथ देणाऱ्या घुमकंवाल्याकडं बघून नुसती मान हलवली.

चहाच्या गाड्यावर हे अजून पटलेलं नाही. तुमचं मत काय, ते जरूर कळवा. नमस्कार!