चेंडू खरंच पडतोय असं कधी वाटतं? अ‍ॅनिमेशनमधलं वजन

नमस्कार मंडळी! आज स्क्रीनवर एकच चेंडू आहे. छातीच्या उंचीवरून, साधारण १२० सेंटीमीटरवरून सोडला, की तो जवळपास अर्ध्या सेकंदात जमिनीवर आपटतो. सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या, तर हातात आल्या १२. एक चित्र दोन फ्रेम्स टिकवायचं, म्हणजे टप्पे सहाच.

नवीन मुलं या अंतराचे सहा सारखे भाग पाडतात, २०-२० सेंटीमीटरचे. हे बघा. चेंडू पडत नाहीये, कुणीतरी दोरीने खाली सोडतंय! आता हा दुसरा. वेळ तीच, टप्पेही सहाच. पण पहिल्या टप्प्यात चेंडू जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात तब्बल ३७. गुरुत्वाकर्षणामुळे ही अंतरं १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढत जातात. हेच स्पेसिंग. टायमिंगबद्दल, म्हणजे किती फ्रेम्स लागतात त्याबद्दल, सगळेच बोलतात, पण माझ्या मते वजन येतं ते स्पेसिंगमुळे.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं पुस्तकात मांडली. स्क्वॅश-स्ट्रेच, म्हणजे वस्तू दबणं आणि ताणली जाणं, त्यातलंच. तिथे एवढंच सांभाळा: चेंडू चपटा झाला की रुंदही झाला पाहिजे, घनफळ बदलता कामा नये.

बाकीची तत्त्वं पाठ करण्यापेक्षा ठाण्यात तलावपाळीला जा. संध्याकाळी कट्ट्यावरून उठणाऱ्या एखाद्या आजींकडे नीट बघा. त्या थेट वर येत नाहीत. आधी पाय आत घेतात, हात गुडघ्यांवर टेकवतात, डोकं पुढे आणि चक्क खाली जातं. हे अँटिसिपेशन. कंबर उचलली जाते ती त्यानंतर. डोकं वर येतं तेही वळण घेत, तो आर्क. आजी उभ्या राहून थांबल्या तरी पदर आणि हातातली पिशवी अजून हलत असते, ते फॉलो-थ्रू.

सॉफ्टवेअरला दोन पोझ दिल्या की मधलं सगळं ते भरून देतं. पण डोकं, कंबर, हात यांच्या कीज (म्हणजे त्या भागाची पोझ ठरवणाऱ्या खुणा) एकाच फ्रेमवर असतील, तर सगळं एकदम सुटतं आणि एकदम थांबतं. मग आजींचा रोबोट होतो. डोक्याची की तिथेच ठेवा, कंबरेची दोन-तीन फ्रेम्स पुढे ढकला, पदराची आणखी पुढे. लगेच जीव येतो.

अनोळखी माणसांचं शूटिंग मात्र करू नका. घरातल्याच कुणालातरी खुर्चीवरून उठायला सांगा, मोबाईल २४ फ्रेम्सवर सेट करा आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत डोकं कुठे जातं ते कागदावर टिंबांनी मांडा. तो कागद समोर ठेवूनच पहिली पोझ काढायला घ्या.