सॉर्टर बुक करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! आज विषय युनिव्हर्सिटीतल्या फ्लो सायटोमेट्रीच्या (म्हणजे पेशी एकेक करून लेझरने तपासायच्या) कॉमन लॅबचा, म्हणजे ती एसीवाली खोली जिच्या बुकिंग कॅलेंडरवर सगळ्या डिपार्टमेंटच्या पोरांचा डोळा असतो. मशीन महाग, ते सांभाळणारा तयार माणूस त्याहून दुर्मिळ, म्हणून ते एकाच जागी ठेवतात आणि तासावर चार्ज लावतात.

तिथे दोन प्रकारची मशीनं असतात. अॅनालायझर फक्त मोजतो, सेल्स (पेशी) एकामागून एक लेझरसमोरून जातात, किती मोठी, आतून किती दाणेदार, अँटीबॉडीला जोडून लावलेला कुठला रंग चमकतोय ते नोंदवलं जातं आणि सगळं वेस्टच्या बाटलीत. सॉर्टर मात्र तुम्हाला हवी ती सेल जिवंत बाजूला काढून देतो, आणि ते कसं हे बघण्यासारखं आहे हां! धार बाहेर पडते त्या नोझलला थरथरवतात, मग ७० मायक्रॉनच्या नोझलमधून सेकंदाला ८०-९० हजार थेंब तुटतात, ज्या थेंबात आपली सेल आहे त्याला तुटायच्या नेमक्या क्षणी विजेचा चार्ज देतात आणि हाय व्होल्टेजच्या प्लेट्स त्याला ओढून ट्यूबमध्ये पाडतात. १९६५ मध्ये मॅक फुलवायलरने अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या लॅबमध्ये हे केलं, तेव्हा थेंब वळवायची युक्ती त्याने इंकजेट प्रिंटिंगमधून उचलली होती. रंगावरून सेल निवडणं नंतर स्टॅनफर्डला लेनर्ड हर्झेनबर्गच्या लॅबने आणलं.

आता मुद्द्याचं. लोक येऊन विचारतात मशीनला लेझर किती, पण अहो, सॉर्टचा निकाल तुमच्या ट्यूबमध्येच लागलेला असतो. मेलेल्या सेल्स फुटल्या की त्यांचा डीएनए चिकट तारेसारखा बाहेर येतो, बाकीच्या सेल्स त्याला चिकटतात, नोझल तुंबतं, धार तिरकी होते, आणि ऑपरेटर सगळं बंद करून नोझल काढून धुवायला घेतो तोपर्यंत तुमचं मीटर चालूच. म्हणून बफरमध्ये थोडं ईडीटीए (सेल्सना एकमेकींना चिकटू न देणारं रसायन) टाका, गुठळ्या फार असतील तर डीएनएज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, वापरा (पण त्याला मॅग्नेशियम लागतं, ते ईडीटीए खाऊन टाकतं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी नको), आणि मशीनला लावायच्या अगदी आधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, सकाळी गाळलेलं दुपारी चालत नाही.

मेलेल्या सेल्सना अँटीबॉडी उगाच चिकटतात म्हणून फक्त मेलेल्या सेल्स रंगवणारा डाय लावून त्या आधी बाहेर काढायच्या. अनस्टेन्ड (बिनरंगाची) आणि प्रत्येक रंगाची वेगळी सिंगल स्टेन (एकच रंग लावलेली) ट्यूब तर हवीच, कारण एफआयटीसी या रंगाचा उजेड पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडतो आणि ते वजा करायला दुसरा आधार नसतो.

आणि गणित घरूनच करून या. हजारात एक अशी सेल हवीय, मशीन सेकंदाला १० हजार बघतंय, म्हणजे सेकंदाला १० मिळणार, तेही सगळं सुरळीत चाललं तर. एक लाख हव्या असतील तर झाले की पावणेतीन तास! बुकिंग एका तासाचं करून कसं जमेल? मॅग्नेटिक बीड्सने आधी नको त्या सेल्स कमी करून आणा ना.

सॅम्पल माणसाचं, फिक्स न केलेलं (रसायनाने जंतू न मारलेलं) असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, सॉर्टर तुंबला की बारीक तुषार उडतात, बाजूला माणूस बसलेला असतो. आणि अॅनालायझर स्वतः चालवत असाल तर शेवटी आधी ब्लीच, मग पाणी, पूर्ण वेळ फिरवा, नाहीतर पुढच्याच्या डेटात तुमच्या सेल्स निघतात आणि लॉगबुकात वरचं नाव तुमचंच असतं.