उन्हाचे डोळे लाल कोणी केले?

(दृश्य : तान्हा पोळा. गल्लीतून लाकडी बैल ओढत नेणारी मुलं.)

पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुरात आज तान्हा पोळा. बैल लाकडाचा, पायाखाली चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. चार वर्षांचं पोर त्याला दोरीनं ओढत घरोघरी नेतं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतं आणि मध्येच थांबून त्याच्या तोंडाशी गवताची काडी धरतं. बैल ती खाणार नाही, हे पोराला पक्कं ठाऊक असतं. तरी काडी धरतंच.

खरं काय आणि मानलेलं काय, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरता येणं, एवढीच तयारी कवितेला लागते. शाळेत पाऊल टाकण्याआधीच ती मुलाकडे असते. मग तिसरी-चौथीत तेच मूल ‘कवितेचा अर्थ नाही समजला’ असं का म्हणतं?

(दृश्य : तिसरीचा वर्ग. फळ्यावर आठ ओळी.)

ही फिल्म वर्गात कविता शिकवणाऱ्यांसाठी. फळ्यावरची कविता या फिल्मसाठीच लिहिली आहे.

ऊन आलं अंगणात
लाल लाल डोळे करून,
माठ बसला कोपऱ्यात
पोटात गारवा धरून.
कूलर म्हणे, घुर्र घुर्र,
पाणी पाजा आधी मला,
मग सांगतो उन्हाला
‘जा रे आपल्या गावाला!’

आधी मोठ्यानं वाचायची, दोनदा. पहिल्या वेळी फळा झाकलेला, मुलांनी नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वेळी फळा उघडा आणि ठेक्यावर टाळी. या दोन वाचनांच्या मध्ये अर्थ सांगायचा नाही. ‘घुर्र घुर्र’ला वर्ग हसला, की निम्मी कविता पोचली.

मग पहिला प्रश्न. ‘इथे कोणता अलंकार आहे?’ हा प्रश्न आत्ता नको. विचारायचं, ‘ऊन काय काय करतं?’ म्हणजे मुलं क्रियापदं शोधू लागतात. बालकवितेत कल्पना बहुतेकदा क्रियापदातच असते. ऊन येतं, डोळे लाल करतं. माठ बसतो. कूलर बोलतो, पाणी मागतो.

इथे एक हात हमखास वर येतो. ‘मॅडम, उन्हाचे डोये आले असन!’

हे उत्तर खोडायचं नाही. मुलानं आपल्या अनुभवातून अर्थ लावलाय, घरात कोणाचे डोळे आले की ते लालच दिसतात. त्याला परत ओळीकडे न्यायचं. ओळीत ‘लाल होऊन’ आहे की ‘लाल करून’? डोळे आले तर ते आपोआप लाल होतात. रागावलेला माणूस डोळे लाल करतो. एका क्रियापदावर ऊन आजारी की रागावलेलं, हे ठरतं. इतक्या जवळून शब्द पाहायची सवय एकदा लागली, की ती कवितेपुरती राहत नाही.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली, की त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. हे नाव सांगायचंच, पण आत्ता, वस्तू भेटल्यावर. नाव आधी आलं, की मूल कविता सोडून नावाच्या मागे लागतं.

(दृश्य : खिडकीतला कूलर. वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी.)

आता कूलरच्या ओळीपाशी थोडं थांबू. टाकीत पाणी भरलेलं, पंप ते ताट्यांवर सोडतो, पंखा ओल्या ताट्यांतून बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं आणि खोली गार होते. टाकी कोरडी पडली, की तोच कूलर गरम हवा फेकतो. म्हणून ‘पाणी पाजा आधी मला’ ही ओळ नुसती गंमत नाही, ती कूलरच्या चालण्यातून आलेली आहे. चांगल्या कल्पनेची पारख करायची ही सोपी रीत : तीच ओळ दुसऱ्या वस्तूच्या तोंडी घालून पाहा. पंख्याच्या तोंडी ‘पाणी पाजा’ बसत नाही.

माठाचं पोट तर आपण रोजच बोलतो. खुर्चीचे पाय, बाटलीचं तोंड, नारळाची शेंडी, कणसाच्या मिशा. पाच मिनिटांत वर्ग अशी वीस नावं गोळा करतो, आणि अलंकार ही पुस्तकातलीच वस्तू आहे ही भीती तिथेच गळते.

(दृश्य : कापसाचं शेत, फुटलेली बोंडं.)

उपमेचे चार भाग. ‘आजीचे केस कापसासारखे पांढरे.’ आजीचे केस हे उपमेय, कापूस हे उपमान, ‘सारखे’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द आणि पांढरेपणा हा साधारण धर्म. आता यातला एकेक भाग काढत जाऊ. ‘आजीचे केस कापसासारखे.’ पांढरे की मऊ, हे आता मुलानं ठरवायचं. ‘आजीचे केस जणू कापूसच.’ सारखेपणाच्या पुढे जाऊन तेच आहे असं वाटायला लागलं, ही उत्प्रेक्षा. आणि शेवटी, ‘आजीच्या डोक्यावर कापूस फुटला.’ आता केसांचं नावसुद्धा नाही. कल्पना तीच, पण पायरीगणिक मुलावरचं काम वाढलं. वर्ग अडला, तर एक पायरी खाली उतरायचं. अर्थ सांगून मोकळं व्हायचं नाही.

इथे फळ्यावर दोन रकाने आखा. कापसातून केसांत काय आलं? पांढरेपणा, मऊपणा, हलकेपणा. काय आलं नाही? सरकी, बोंड, वेचणी. दुसरा रकाना बहुतेक वर्गांत आखलाच जात नाही, आणि मुलांचे निम्मे गोंधळ तर त्याच रकान्यातले असतात.

‘सारखा’ या शब्दाचीही एक मेख आहे. ‘बाळ सारखं रडतं’ यात उपमा नाही, इथे ‘सारखं’ म्हणजे सतत. ‘मला दादासारखी सायकल हवी’ यातही नाही, ती सायकलीशी सायकलीचीच तुलना. उपमेला दोन वेगळ्या जातींच्या वस्तू लागतात. शब्दाखाली रेघ मारून अलंकार ओळखायला शिकलेली मुलं नेमकी इथे फसतात.

वयाचाही हिशेब ठेवावा लागतो. डोळ्यांना दिसणारं साम्य मुलांना लवकर कळतं, स्वभावाचं उशिरा. सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नेर्लोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली हे दाखवलं. गोड, थंड, कठीण असे शब्द लहान मुलं आधी वस्तूंनाच लावतात. माणसांना लावलेले कळू लागतात ते नंतर, आणि दोन्हींतलं नातं शब्दांत सांगता येणं तर त्याहूनही नंतर. म्हणून ‘दगडाचं काळीज’ ही ओळ पहिलीच्या मुलापुढे ठेवली, तर ते छातीत खरा दगड शोधणार. यात मुलाचं काही चुकत नाही, ओळीची निवड चुकते.

(दृश्य : अंबाझरी तलाव, संध्याकाळ.)

दुसरी निवड अनुभवाची. नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ‘समुद्रासारखं आभाळ’ ऐकून ज्यानं समुद्र पाहिलाच नाही, त्यानं मनात काय आणायचं? आधी अंबाझरीच्या काठावर उभं करा, पल्याडचा काठ दाखवा. मग म्हणा, आता हा पल्याडचा काठ पुसून टाक.

आणि हानी कशानं होते? कवितेचं गद्य करून वहीत उतरवून देण्यानं. ‘ऊन रागावले आहे म्हणजे उन्हाळा कडक आहे’ असं लिहून दिलं, की ऊनही गेलं आणि रागही गेला. ‘आपल्या गावाला’ म्हणजे कुठल्या, याचं एकच उत्तर ठरवून दिलं, तरी तेच होतं. कोणी राजस्थान म्हणेल, कोणी आभाळ, कोणी ‘पावसाळ्याच्या पलीकडे’. तिन्ही चालतात. ‘फ्रिजमध्ये’ चालत नाही, कारण गारव्यात उन्हाचं गाव असणार कसं? मोकळा प्रश्न म्हणजे वाटेल ते उत्तर, असा घोळ मोठी माणसंच करतात. उत्तराला कवितेत आधार सापडला पाहिजे.

(दृश्य : बाकावर संत्र्यांची टोपली.)

शेवटचं काम मुलांचं. चौघांमध्ये एक संत्रं. दोन मिनिटं हातात घ्यायचं, सोलायचं, वास घ्यायचा, फोडी मोजायच्या. मगच लिहायचं. संत्रं न पाहता लिहायला सांगितलं, तर वर्गभर ‘संत्रं सूर्यासारखं गोल’ येतं, कारण ते आधी कुठेतरी ऐकलेलं असतं. सोलताना मात्र नागपुरी संत्र्याची साल किती सैल असते, ते बोटांना कळतं. आणि मग वहीत उतरतं :

‘संत्र्यानं दादाचा शर्ट घातला.’

शेजारचा लगेच अडवतो, ‘मग बाह्या कुठे आहेत?’

मॅडम खडू त्याच्याच हातात देतात. तो फळ्याशी जातो आणि दुसऱ्या रकान्यात लिहितो : बाह्या, बटणं, खिसा. पहिल्या रकान्यात एकच शब्द : ढगळ.