नायकाला सावकारानं पाडू नका

(आमगाव तालुक्यातल्या एका गावात, नाटकाच्या तालमी सुरू होण्याआधी कलावंतांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

मंडळी, नमस्कार. दिवाळी तोंडावर आली. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे आपल्या गावोगावच्या जत्रा, भरतील आणि मग होळीपर्यंत तुम्हाला रात्रीची झोप नाही. त्याआधी शोकांतिकेच्या नायकावर बोला, असा तुमचा आग्रह. आता पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नटाला रडवायचं कसं हे मी काय शिकवणार? पदर डोळ्यांना लागतात, बक्षिसाच्या नोटा येतात, ते सगळं तुम्हाला येतं. मला बोलायचंय ते रडणं कशासाठी येतं याबद्दल.

यंदाचं तुमचं स्क्रिप्ट मी वाचलं. पाटील देवमाणूस. सावकार कपटी. तो पाटलाला दारू पाजून कोऱ्या कागदावर सही घेतो. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, जातात, बायको जाते, पोरगा तुरुंगात जातो आणि तिसऱ्या अंकात पाटील वेडा होतो. संवाद फर्मास आहेत. पण मला सांगा, या तीन अंकांत पाटलानं स्वतः काय केलं? काही नाही. सगळं त्याच्यावर येऊन पडलं.

ॲरिस्टॉटल नावाचा ग्रीक पंडित तेवीसशे वर्षांपूर्वी नेमका याच जागी अडला होता. तो म्हणतो, निव्वळ सज्जन माणूस सुखातून दुःखात पडताना दाखवला तर बघणाऱ्याला उबग येतो. दुर्जन पडला तर बरं वाटतं, पण त्यात ना कणव आहे ना भीती. आपल्याकडे त्यावर शिट्ट्या पडतात, एवढंच. त्याला हवा होता मधला माणूस. फार संत नाही, पापी तर नाहीच, नावलौकिकाचा, आणि पडतो तो दुष्टपणामुळे नाही तर एखाद्या मोठ्या चुकीमुळे. कणव येते, कारण शिक्षा चुकीच्या मानानं फार मोठी असते. भीती वाटते, कारण तो आपल्यासारखाच असतो.

इथपर्यंत कॉलेजच्या गाईडमध्येही सापडेल. पुढचं मात्र माझं मत आहे, पटलं तर घ्या. ही चूक म्हणजे नायकाला लावलेली एखादी वाईट खोड नव्हे. दारू, बाई, जुगार चिकटवला की झाला शोकांत नायक, असं होत नाही. ज्या गुणासाठी आपण त्याला पहिल्या अंकात टाळ्या देतो, त्याच गुणानं तो शेवटच्या अंकात बुडाला पाहिजे.

ग्रीक नाटककार सोफोक्लीझचा राजा इडिपस घ्या. नाटक इसवी सनापूर्वी ४२९च्या सुमाराचं. थीब्ज नगरात साथ आलीय, माणसं मरतायत. देवाचा कौल येतो की आधीच्या राजाचा खुनी या नगरातच आहे, त्याला हाकला. इडिपस हुशार राजा. राक्षशिणीचं कोडं सोडवून त्यानं हे नगर एकदा वाचवलेलं. तो भर चौकात जाहीर करतो, मी खुनी शोधणार, आणि त्या खुन्याला शाप देतो. खुनी तो स्वतःच आहे. तिठ्यावर रस्त्याच्या भांडणात ज्या म्हाताऱ्याला त्यानं मारलं तो राजा होता, त्याचा बाप होता, आणि आता जिच्याशी संसार करतोय ती आई आहे. हे सगळं लोकांना आधीच माहीत. ग्रीक प्रेक्षक कथा ऐकायला आलेलाच नव्हता, जसे आपण रामलीलेत पुढं काय होणार म्हणून जात नाही.

आता नटांनी नीट ऐका. या नाटकात त्याला थांबायची संधी पुन्हापुन्हा मिळते. आंधळा भविष्यवेत्ता म्हणतो, मला घरी जाऊ दे, विचारू नको. राणी योकास्टाच्या त्याच्याआधी लक्षात येतं. ती गयावया करते, जिवाची पर्वा असेल तर हा शोध सोड. तो सोडत नाही. शेवटी ज्या धनगरानं त्याला तान्हेपणी मरू न देता दुसऱ्याच्या हाती दिलं, तो समोर उभा राहतो. म्हातारा म्हणतो, आता भयंकर ते माझ्या तोंडावर आलंय. आणि इडिपस म्हणतो, माझ्या कानावरही. तरी ऐकलंच पाहिजे. या वाक्यावर ओरडू नका. दम खाऊन, खालच्या सुरात म्हणा. राजा म्हणून तो जसा पहिल्या प्रवेशात उभा होता तसाच इथंही उभा आहे. खरं काढल्याशिवाय न राहणारा. हाच त्याचा मोठेपणा आणि याच मोठेपणानं त्याचा घात केला. पुढं राणी फास घेते, तो तिच्याच वस्त्राचे काटे काढून डोळे फोडून घेतो. तेही समोर दाखवत नाहीत, निरोप्या येऊन सांगतो. (आपण असतो तर लाल लाइट, ऑर्गन आणि दहा मिनिटांचं गाणं!)

मागून कोणीतरी विचारतंय: "पन गुरुजी, त्याले तं मालूमच नोतं. मंग चूक कायची?"

बरोब्बर विचारलंस बाबू. खून करताना बाप माहीत नव्हता, ही गोष्ट खरी. कायद्यानं पाहिलं तर तो सुटेलही. म्हणून तर जीव कळवळतो. पण नाटक त्या खुनाचं नाही. खून पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलाय. आपण बघतो ते शोध घेणं, आणि ते त्यानं समजून उमजून केलं, जबरदस्ती कोणाचीच नव्हती.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले ते आपल्याच विदर्भात, सावनेरला. हे नाटक रंगमंचावर आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. सगळे म्हणतात दारूबंदीचं नाटक. मला ते मान्य नाही. त्यातला वकील सुधाकर पडतो तो मानीपणामुळे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ काढून घेतली जाते, आणि हा अपमान त्याला गिळता येत नाही. दारुडा तळीराम प्याला पुढं करतो तो त्यानंतर. मोडेन पण वाकणार नाही, हाच त्याचा बाणा त्याच्या बायकोला, सिंधूला आवडलेला. म्हणून सुधाकर करणाऱ्यानं पहिल्याच एन्ट्रीला झोकांड्या खाऊ नयेत. ताठ या. तो ताठपणाच नंतर अंगावर आला पाहिजे.

आणि आता या मातीतला. संस्कृत नाटककार भवभूती आपलं गाव पद्मपूर सांगतो. ते आपल्या आमगावजवळचं पद्मपूर, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. आठव्या शतकातल्या या माणसानं 'उत्तररामचरित' लिहिलं. पहिल्या अंकात वसिष्ठांचा निरोप येतो, प्रजेला खूश ठेव. राम लगेच म्हणतो, लोकांसाठी स्नेह, दया, सुख, एवढंच काय जानकीही सोडावी लागली तरी मला व्यथा होणार नाही. सीता शेजारीच बसलेली आहे. थोड्या वेळानं ती त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते आणि रामाचा हेर दुर्मुख लोकापवाद, म्हणजे सीतेबद्दलची लोकांची कुजबुज, घेऊन येतो. राम तिला वनात सोडतो. इडिपसच्या शापाची आणि या वाक्याची जात एकच. फुशारकीनं नव्हे, राजधर्म म्हणून बोललेला शब्द घरावर फिरतो. बारा वर्षांनी पंचवटीत सीतेची मैत्रीण, वनदेवता वासंती त्याला तोंडावर सुनावते: "अयि कठोर यशः किल ते प्रियम्". तुला कीर्ती प्यारी ना, मग याहून भयंकर अपकीर्ती कोणती? आपल्या संस्कृत नाटकात शेवट गोड करायची रीत, म्हणून भवभूती रामसीतेची भेट घडवतो. पण वासंतीचा प्रश्न तो खोडत नाही.

एक गोष्ट थोडी बाजूला जाऊन सांगतो. कापसाच्या पट्ट्यात कास्तकारानं जीव दिला की पेपरात 'शोकांतिका' छापून येतं. माझा त्याला विरोध आहे. पाऊस, भाव, कर्ज यांनी माणूस मारला तर त्यात नायकाची चूक शोधू नका. त्याला नाटकाचं नाव दिलं की जबाबदार असलेले मोकळे सुटतात. तिथं प्रश्न विचारायचे ते वेगळ्या लोकांना.

म्हणून तुमच्या पाटलाकडे परत येतो. सावकार काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याचं काम करणारा नट चांगला आहे, लोक त्याच्यासाठी येतात. पण दारूचा प्रवेश काढा. पाटील शुद्धीवर असू द्या. गावात त्याच्या शब्दाला मान आहे हे तुम्ही पहिल्या अंकात छान उभं केलंय. तर धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन राहतो असं तो भर मंडईत बोलून जाऊ द्या. बायकोनं अडवावं, मुनिमानंही एकदा म्हणावं, पाटील, अजून वेळ आहे. आणि त्यानं "शब्द दिला" म्हणत डोळे उघडे ठेवून सही करावी. मग शेवटी वेडा करा, नाहीतर शहाणा ठेवून त्याच बांधीवर मजुरीला पाठवा. मला विचाराल तर दुसरं जास्त चांगलं. लेखकमहाशय नाराज दिसतायत. चहा झाला की दोघं बसू आणि दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हातात घेऊ.